एटीसीचं स्वप्न, साडेतीन लाखांचा डिप्लोमा आणि 'परत सांगा'

नागपूरच्या जैताळ्याला राहणाऱ्या, अकरावी विज्ञानात शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "घराच्या गच्चीवरून सोनेगाव विमानतळावरची विमानं दिसतात. मला एअर ट्रॅफिक कंट्रोलर (एटीसी) व्हायचंय. दहावी मराठी माध्यमातून, ८६ टक्के. उणे साडेतीनचा चष्मा आहे. इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळते. एका संस्थेत चौकशी केली. बारावीनंतर एका वर्षाचा 'एटीसी डिप्लोमा' आहे, साडेतीन लाख फी आणि नोकरीची हमी. बाबा पैसे उभे करायला तयार आहेत. घ्यावा का प्रवेश? माझं गणित कच्चं नाही, पण जेईईवाल्यांसारखं पक्कंही नाही. आणि अजून एक, रात्री खूप उंचावरून विमानं जातात, ती इथे उतरत नाहीत. त्यांच्याशी कोण बोलतं?"

मी स्वतः कंट्रोलर आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देते. आधी पैशांचं, कारण ते घाईचं आहे. देऊ नकोस.

का, ते सांगते. आपल्या देशात नागरी विमानांचं नियंत्रण जवळजवळ सगळीकडे भारतीय विमानपत्तन प्राधिकरण, म्हणजे एएआय करतं. अपवाद मोजके आहेत. पुण्याच्या लोहगावला वायुसेना, गोव्याच्या दाबोळीला नौदल, नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स. विमानतळ चालवणारी कंपनी कुठलीही असो, टॉवरमधली माणसं एएआयचीच असतात. एएआय कंट्रोलर बाहेरून शिकून आलेला घेत नाही. पदवीधर घेते आणि स्वतः शिकवते. प्रयागराजच्या बमरौलीला, हैदराबादला, आणि तुझ्यापासून तीन तासांवर गोंदियाला तिची प्रशिक्षण केंद्रं आहेत. या प्रशिक्षणाची फी नसते, उलट त्या काळात तुझ्याच हातात पैसे पडतात. भरतीच्या जाहिरातीत पात्रतेचा रकाना वाच. त्यात 'डिप्लोमा' हा शब्दच नाही. मग ती संस्था हमी देते ती कशाची? माझ्या माहितीतला एक मुलगा अशाच हमीवर गेला होता. वर्षानंतर त्याला एका विमानतळावर चेक-इन काउंटरवर उभं केलं. काम वाईट नाही, पण त्यासाठी घरच्यांनी शेताचा तुकडा विकायची गरज नव्हती.

पदवीनंतर परीक्षेच्या तयारीसाठी एखादा क्लास लावणं ही वेगळी गोष्ट. बँकेच्या परीक्षेला लोक लावतात तसाच तो. लावला तरी चालतो, नाही लावला तरी चालतं. त्यावर भांडत बसणार नाही.

आता तुझा खरा प्रश्न. तू विचारतेस 'कुठला कोर्स', पण प्रश्न असा आहे की सोळाव्या वर्षी एकाच नोकरीवर सगळं लावायचं का. माझं उत्तर आहे, लावू नये, आणि लावायची गरजही नाही.

एएआयमधल्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एटीसी) या पदासाठी दोन वाटा आहेत. एक, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय घेऊन तीन वर्षांची पूर्णवेळ बी.एस्सी. दुसरी, कुठल्याही शाखेची इंजिनिअरिंग पदवी, फक्त एखाद्या सत्रात भौतिक आणि गणित असायला हवेत. वयाची मर्यादा खुल्या गटाला २७, ओबीसींना तीन वर्षांची आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सवलत. इथे मुलं एका ठिकाणी हमखास फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. बी.सी.ए., बी.एस्सी. आयटी, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, या पदव्या ऐकायला विज्ञानाच्याच वाटतात. पण गुणपत्रिकेत भौतिक आणि गणित दोन्ही नसतील तर अर्ज कागदपत्रांच्या तपासणीतच बाद होतो. परीक्षा पास होऊन तिथे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी रचना आल्यापासून असा घोळ होणं आणखी सोपं झालंय. भौतिक मुख्य घेतलंस तर गणित सोडू नकोस, गणित मुख्य घेतलंस तर भौतिक सोडू नकोस. कॉलेजचा बाबू 'चालते हो' म्हणाला तरी जाहिरातीतलं वाक्य समोर ठेवून खात्री कर. आणि अकरावीत आत्ता जीवशास्त्रासाठी गणित सोडायचा विचार कुणी डोक्यात घालत असेल तर त्याला नम्रपणे चहा पाज आणि वाटेला लाव.

बी.एस्सी. की इंजिनिअरिंग? हे घरच्या परिस्थितीवर आहे. मी स्वतः बी.एस्सी. केलं, भौतिक, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. नागपुरात विज्ञान संस्था आहे, हिस्लॉप आहे, शिवाजी सायन्स आहे. खर्च कमी, विसाव्या-एकविसाव्या वर्षी पात्र होतेस आणि हातात सहा-सात वर्षं राहतात. ही वर्षं महत्त्वाची आहेत, कारण ही भरती शाळेच्या वार्षिक परीक्षेसारखी दरवर्षी ठरल्या वेळी येत नाही. २०२३ ला ४९६ जागांची जाहिरात निघाली, पुढची ३०९ जागांची निघाली ती २०२५ ला. एखाद्याचं वय नेमकं त्या फटीत उलटतं. इंजिनिअरिंगला एक वर्ष जास्त जातं आणि पैसा जास्त लागतो, पण एटीसी नाहीच झालं तर पोटापाण्याची सोय चांगली. बी.एस्सी.वाल्यांना ती सोय वेगळी उभी करावी लागते. एम.एस्सी., बी.एड., बँक, स्पर्धा परीक्षा, हवामान खातं. साडेतीन लाख 'उभे करावे' लागणार असतील त्या घरात मी बी.एस्सी. सुचवेन. पण सोबत दुसऱ्या वर्षापासून आणखी एका कशाची तरी तयारी चालू ठेव. तुझ्या बाबांना हा मजकूर दाखवणार असशील तर एवढाच परिच्छेद आणि वरचा डिप्लोम्याचा दाखव, बाकीचं त्यांना नंतर वाचता येईल.

जेईईवाल्यांची धास्ती सोड. परीक्षा संगणकावर असते, १२० मिनिटांत १२० प्रश्न. निम्मे गुण इंग्रजी, सामान्य ज्ञान, तर्क आणि अंकगणितासारख्या गोष्टींना, निम्मे भौतिक आणि गणिताला. अलीकडच्या जाहिरातींत चुकलेल्या उत्तरासाठी गुण कापत नव्हते. प्रश्न बारावी ते बी.एस्सी.च्या पातळीचे असतात, पण एका प्रश्नाला एक मिनिट. म्हणजे खोल पाण्यात बुडी मारायची नसते, उथळ पाण्यातून न घसरता पळायचं असतं. महिलांना आणि एससी-एसटींना अर्जाची फी नसते, हेही सांगून ठेवते. मात्र नियम प्रत्येक जाहिरातीत थोडे बदलतात. तू अर्ज करशील तेव्हा मी इथे लिहिलेलं नाही, त्या वेळची जाहिरात खरी.

लेखी परीक्षेनंतर कागदपत्रं, आवाजाची चाचणी, मानसिक क्षमतेची चाचणी, मादक पदार्थांची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. चष्म्याची काळजी नको. कंट्रोलरच्या वैद्यकीय तपासणीत चष्मा लावून नीट दिसणं चालतं. टॉवरमध्ये अर्धी माणसं चष्मेवाली असतात आणि उरलेल्यांना तो चाळिशीत लागतो. रंग ओळखता येणं मात्र लागतंच. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायची साधी चाचणी कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर पाच मिनिटांत करतो. तुझ्या पुढच्या नंबर-तपासणीच्या वेळी करूनच घे. मुलींमध्ये हा दोष क्वचित आढळतो, पण तुझ्या वर्गातले एटीसीचं स्वप्न बघणारे मुलगे असतील तर त्यांनी ही चाचणी पहिल्यांदा करावी. बी.एस्सी.ची तीन वर्षं घालवून हे कळण्यात काय अर्थ?

आता इंग्रजी. यावर जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माध्यमाच्या मुलांचा सगळा गोंधळ इथे असतो. मीही मराठी माध्यमाचीच. आमच्या घरी 'काय करून राहिली' आणि 'येऊन राहिलो ना' हीच भाषा. पहिल्यांदा हेडसेट कानाला लावला तेव्हा वाटलं, आता आपलं पितळ उघडं पडणार. मग प्रशिक्षणात उच्चारांचा तक्ता हातात आला आणि मी हसायलाच लागले. रेडिओवर 'थ्री' म्हणायचं नसतं, 'ट्री' म्हणायचं असतं. 'थाउजंड' नाही, 'टाउसंड'. 'फाइव्ह' नाही, 'फाइफ'. 'फोर'चा 'फोअर' आणि 'नाइन'चा 'नायनर'. आपल्याकडच्या गुरुजींनी ज्या उच्चारांवर छडी मारली ते तिथे जगभरासाठी अधिकृत आहेत. कारण साधं आहे, खरखरणाऱ्या रेडिओत 'थ' हरवतो, 'ट' हरवत नाही. 'फाइव्ह' आणि 'नाइन' एकमेकांत मिसळतात, 'फाइफ' आणि 'नायनर' मिसळत नाहीत. तेव्हा तुझा उच्चार लंडनचा आहे की लाखांदूरचा, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. बोललेलं पहिल्याच वेळी कळतं की नाही, एवढंच बघतात.

त्याच्या पलीकडे मोकळं इंग्रजी मात्र हवंच. ठरलेली वाक्यं रोजच्या कामापुरती असतात. एखाद्या विमानात धूर झाला, एखाद्या प्रवाशाला झटका आला, की पायलट साध्या इंग्रजीत बोलायला लागतो आणि तो कोरियन असेल, रशियन असेल, अरब असेल. म्हणून कंट्रोलर आणि पायलट दोघांनाही भाषेची चाचणी असते. सहा पायऱ्या, त्यात किमान चौथी लागते, आणि चौथीवर असलात तर काही वर्षांनी चाचणी पुन्हा. अडखळण्याचे दोन प्रकार असतात. सवय नसल्यामुळे शब्द शोधत थांबणं, हे वर्षभरात जातं. रोज दहा मिनिटं मोठ्यांदा वाच. वर्तमानपत्रातली बातमी वाच आणि मग कागद उलटा ठेवून तीच इंग्रजीत सांग. दुसरं म्हणजे तोतरेपणा, ज्यात शब्द माहीत असूनही जीभ अडते. तसं असेल तर आवाजाच्या चाचणीत ते बघतात, त्यामुळे आत्ताच वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. तुझ्या प्रश्नावरून तुझा प्रकार पहिला वाटतो.

हे काम नेमकं काय असतं, ते कुणी सांगत नाही. विमानापुढे हातात दोन काठ्या घेऊन उभा राहणारा माणूस म्हणजे आम्ही नाही. (माझ्या सासरी अजून काही जणांना मी तेच करते असं वाटतं.) टॉवरचा कंट्रोलर धावपट्टी आणि तिच्या आसपासचं बघतो. अप्रोचवाला चढणारी-उतरणारी विमानं रांगेला लावतो. एरियावाला वरच्या मार्गांवरची सांभाळतो, आणि त्याच्या खोलीला खिडकीही नसते.

गणित कुठे लागतं, ते एका उदाहरणानं सांगते. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांच्या उंचीवर उडतात, पश्चिमेकडे जाणारी सम. मुंबईहून कोलकात्याला जाणारं विमान पूर्वेकडचं. दिल्लीहून हैदराबादला जाणारं दक्षिणेकडे जातं, पण किंचित पूर्वेला कललेलं, म्हणून तेही विषमच. दोघंही ३५ हजार फुटांवर असू शकतात आणि त्यांचे मार्ग नागपूरच्या आसपास एकमेकांना छेदतात. समज पहिलं त्या बिंदूपासून ४० सागरी मैलांवर आहे, मिनिटाला ८ मैल वेगानं. दुसरं ४५ मैलांवर, मिनिटाला साडेसात मैल. पहिलं पाच मिनिटांत पोचेल, दुसरं सहा मिनिटांत. म्हणजे पहिलं बिंदूवर असेल तेव्हा दुसरं साडेसात मैलांवर. रडारवर पाच मैलांचं अंतर चालतं, तेव्हा ठीक वाटतं. पण थांब. पहिलं पुढे जात असताना दुसरं जवळ येतच असतं. काटकोनात छेदत असतील तर सगळ्यात कमी अंतर बिंदूनंतर अर्ध्या मिनिटानं येतं आणि ते साधारण साडेपाच मैल भरतं. कागदावर नियम पाळला गेला. वारा जरा बदलला तर नाही. मी अशा वेळी वाट बघत बसत नाही, एकाला हजार फूट खाली किंवा दोन हजार वर घेते आणि विषय संपवते. दोन हजार वर नेलं तर ते पुन्हा विषमच राहतं, आणि खाली घेतलं तर समोरून सम उंचीवर कुणी येत नाही ना, ते आधी बघते.

यात पायथागोरसपलीकडचं काही नाही. कठीण आहे ते हे की हा हिशेब चालू असताना तिसरं विमान हाक मारतं, शेजारचा कंट्रोलर फोनवर काहीतरी विचारतो, आणि ढगाला वळसा घालायची परवानगी मागणारी आणखी दोन ओळीत उभी असतात. एप्रिल-मेच्या नागपुरी दुपारी, पारा ४५ वर आणि चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, की हे सगळं एकदम होतं.

तरीही मला विचारशील तर हिशेबापेक्षा कान मोठा. इथे मी माझीच एक फजिती सांगते. सिम्युलेटरवर सराव चालू होता. पलीकडच्या खोलीत बसलेला सहकारी पायलट होऊन बोलत असतो. मी एका विमानाला उंची दिली ३१० ची, म्हणजे ३१ हजार फुटांची. त्यानं परत म्हटलं ते मला अर्धवट ऐकू आलं. त्याआधी त्याच सरावात मी दोनदा 'से अगेन' म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटली, म्हणून गप्प राहिले. तो ३३० म्हणाला होता. समोरून येणाऱ्या विमानाच्या उंचीतून तो चढत जाणार होता. शिक्षकांनी पडदा थांबवला, सगळी विमानं जागच्या जागी गोठली. "काय ऐकलंस?" "नीट ऐकू नाही आलं सर." "मग विचारलं का नाही?" मी खरं सांगितलं, लाज वाटली. ते ओरडले नाहीत. सराव पहिल्यापासून पुन्हा लावला आणि मला चहाला सोडलं नाही.

गंमत म्हणजे हे मला बाराव्या वर्षी येत होतं. माझे बाबा संत्र्याच्या अडत्याकडे हिशेब लिहायचे. हंगामात हर्रास, म्हणजे लिलाव, चालू असताना कधी मी वहीत बोली उतरवायला बसायचे. कल्ला एवढा की एकाची बोली दुसऱ्यात मिसळायची. मी बिनधास्त ओरडायचे, "काका, परत सांगा!" अडत्या करवादायचा, पण सांगायचा. चुकीचा आकडा लिहिला गेला तर फरक बाबांच्या पगारातून जायचा, हे मला ठाऊक होतं. तेवीसाव्या वर्षी हुशार दिसायच्या नादात ते विसरले.

परत म्हणण्याची आणि ते कान देऊन ऐकण्याची ही पद्धत किती महाग पडून पक्की झाली आहे, याचं आपल्याकडचं उदाहरण चरखी दादरीचं. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन उतरत होतं. इल्युशिनला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, सौदीला १४ हजारांवर. समोरून विमान येतंय हेही कंट्रोलरनं सांगितलं होतं आणि त्याची पोचही मिळाली होती. तरी इल्युशिन खाली उतरत राहिलं. दोन्ही विमानांतले मिळून ३४९ जण गेले. चौकशीत दोष कझाक विमानाच्या चमूकडे गेला. पण दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंची दिसत नव्हती. पायलट सांगेल ती उंची खरी मानायची, एवढंच कंट्रोलरच्या हातात होतं. पुढे उंची दाखवणारं रडार आलं, टक्कर टाळणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं, येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, आणि भाषेच्या चाचणीमागेही या अपघाताचा वाटा आहे. आम्ही अजूनही प्रत्येक आकडा परत म्हणवून घेतो.

म्हणून तू आत्तापासून एक खेळ खेळ. धाकट्या भावाला किंवा मैत्रिणीला सहा-सहा आकड्यांचे गट वाचायला सांग, मागे टीव्ही चालू ठेव. तू ऐकून लगेच परत म्हण, मग लिही. मग अदलाबदल करा. तू वाच, समोरच्यानं अधूनमधून मुद्दाम चुकीचं परत म्हणायचं आणि तू पकडायचं. दुसरं, गच्चीवरून धावपट्टीचा अंदाज घे. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे, एका टोकाचं नाव १४ आणि दुसऱ्याचं ३२, म्हणजे होकायंत्रावर अंदाजे १४० आणि ३२० अंश. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि उतरतं. सकाळी झाडाची पानं बघून ठरव, आज १४ की ३२, आणि मग बघ बरोबर आलं का. तिसरं, उतरण्याचा हिशेब. एक हजार फूट खाली यायला साधारण तीन सागरी मैल लागतात. ३६ हजार फुटांवरून १०८ मैल, म्हणजे २०० किलोमीटर. मुंबईहून येणारं विमान अकोला ओलांडतं न ओलांडतं तोच खाली यायला लागतं. फोनवर विमानांची जागा दाखवणारं ॲप असतं, त्यात हे ताडून बघ. याला पैसे लागत नाहीत आणि सहा महिन्यांत तुला कळेल की तुला हे आवडतं, की फक्त विमानं बघायला आवडतात. दोन्हींत फरक आहे.

घरच्यांना काही गोष्टी आधी सांग. सकाळ, दुपार, रात्र आणि मग सुट्टी असं चक्र चालतं, त्याला दिवाळी आणि पोळा कळत नाही. मूळ पगार ४० हजारांपासून सुरू होतो, भत्ते धरून हातात बरे पैसे येतात. नेमणूक देशात कुठेही होते, नागपूर पहिल्यांदाच मिळेल असं कुणी सांगत असेल तर तो डिप्लोमावाल्याचा भाऊ समज. रुजू होताना बाँड लिहून द्यावा लागतो, त्याची रक्कम जाहिरातीत वाच. प्रशिक्षण संपलं की लगेच विमानं हातात देत नाहीत. अनुभवी कंट्रोलर शेजारी बसतो, तास भरतात, मग त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे एकट्यानं काम करायची परवानगी, मिळतं. बदली झाली की नव्या जागेचं रेटिंग नव्यानं. पंधरा वर्षं नोकरी झालेली माणसंही नव्या ठिकाणी पुन्हा विद्यार्थी होतात, आणि काहींना ते फार जड जातं. मुलगी म्हणून वेगळं काय, असं तू विचारलं नाहीस, बरं केलंस. रात्रपाळीत घरी लहान मूल असेल तर सासूबाई किंवा आई हव्यात, एवढंच माझ्या अनुभवातलं वेगळं.

पदवीनंतर आणखी दोन वाटा आहेत. नौदल इंजिनिअर पदवीधरांना एटीसी अधिकारी म्हणून घेतं आणि वायुसेनेतही हे काम असतं. त्यांचं वय, गुण आणि शारीरिक निकष वेगळे आहेत आणि जगणंही वेगळं आहे. वर्दी आवडत असेल तरच बघ.

आता तुझ्या गच्चीचा प्रश्न. नागपूर देशाच्या मधोमध असल्यामुळे वरच्या वाटा इथे एकमेकींना छेदतात, आणि हे आजचं नाही. १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत परत जायची. आता ती न उतरता वरून जातात, त्यांत आखाताकडे आणि पूर्वेकडे जाणारी परदेशी विमानंही आली. त्यांच्याशी एरिया कंट्रोलर बोलतो. नागपूरच्या माझ्या वर्षांत कितीतरी रात्री मी त्याच खुर्चीवर काढल्या आहेत. कधी त्यातलं एखादं विमान प्रवासी आजारी झाला म्हणून खाली यायची परवानगी मागतं, आणि मग रात्री अडीच वाजता धावपट्टी मोकळी करणं, डॉक्टर आणि रुग्णवाहिका बोलावणं, बाकीच्यांना बाजूला घेणं, सगळं चालू होतं. पण बहुतेक विमानं आमच्याशी दोनदाच बोलतात. हद्दीत येताना उंची सांगतात. निघताना आम्ही पुढच्या कंट्रोलरच्या फ्रिक्वेन्सीचा आकडा देतो. पलीकडच्याला आमचा फोन आधीच गेलेला असतो, तो वाट बघत असतो. पायलट तो आकडा परत म्हणतो, आणि चुकला असेल तर आम्ही परत सांगतो.